छताखाली पडलेला पाऊस

फॅक्सवर दोनच ओळी होत्या. आमच्या ऑफिसच्या मालकांनी, सोनवणे सरांनी, त्या उभ्या उभ्या मराठीत करून सांगितल्या.

"बंद छताच्या मैदानात पावसामुळे मॅच रद्द होत आहेत. हे कसं झालं आणि कुणी केलं, ते कळवा."

शेजारच्या मशीनवर वैशाली होती. ती धरणगावची. ती खुदकन हसली. "छतले भोक पडेल व्हयी," म्हणाली.

मला हसू आलं नाही. कागदांच्या त्या लॉटवर, म्हणजे गठ्ठ्यावर, ऑपरेटर कोड माझा होता.

डेटा एन्ट्रीच्या कामात प्रत्येक फाइलच्या शेवटी एक आकडा पडतो. कुणाच्या बोटांनी हे टाइप झालं, ते त्यावरून कळतं. माझा कोड सात. मी ट्रायलवर होते. ट्रायलवरच्या माणसाचा लॉट रिजेक्ट झाला की त्या माणसानं दुसरीकडं बघायचं, असा आमच्याकडं नियम होता. लिहिलेला नव्हता, पण होता.

दुसरीकडं म्हणजे माझ्यासाठी घरी. घर चंदगडकडं, पार कर्नाटकच्या शिवेला. नववीत शाळा सुटली. मग गडहिंग्लजला मावशीकडं राहून टायपिंग केलं. थोरला भाऊ जळगावच्या एमआयडीसीत लागला, त्याच्यामागं मी आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात कॉम्प्युटरचं काम करणारी ऑफिसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती. सरांचं ऑफिस स्टेशनजवळच्या एका मार्केटात तिसऱ्या मजल्यावर. दहावी पास पाहिजे, असं त्यांच्या पाटीवर होतं. सरांनी माझा अर्ज वाचून परत माझ्याकडं सरकवला. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "अरे, तिला मशीनवर बसव तरी. बोटं दहावी झालीत का बघू."

बोटं झाली होती. मी लागले. ते गृहस्थ म्हणजे नाना.

नाना धुळ्याचे. एका हायस्कुलात पी.टी.चे सर होते, रिटायर झालेले. सोनवणे सर त्यांचे विद्यार्थी. अमेरिकेतल्या खेळाचं काम आलं तेव्हा सरांना वाटलं, खेळाचं आहे तर खेळातला माणूस तपासायला असावा. म्हणून नाना आमचे चेकर झाले. कागदांचं पाकीट एसटीनं धुळ्याला जायचं. नाना ते तपासून परत पाठवायचे. मग आम्ही टाइप करायचो.

आता काम काय होतं ते सांगते. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथल्या एका कंपनीनं कॉम्प्युटरवर त्याचा अख्खा सीझन खेळवायचा प्रोग्राम केला होता. माणसं नाहीत, चेंडू नाही. सगळा हिशेब मशीनच करणार. त्यासाठी मशीनला प्रत्येक मैदान आतून-बाहेरून माहीत पाहिजे. बॅट मारणारा एका कोपऱ्यात उभा राहतो आणि मैदान त्याच्यासमोर उघडलेल्या हातपंख्यासारखं पसरतं. पंख्याच्या कडेला भिंत. भिंतीपलीकडं चेंडू गेला की ते आपल्या सिक्ससारखं. म्हणून भिंत डावीकडं किती फुटांवर, मध्ये किती, उजवीकडं किती, उंच किती, हे सगळं टाइप करायचं. शिवाय हवामान. प्रत्येक महिन्याचं तापमान, वारा किती, कुठून कुठं वाहतो, पाऊस पडायची शक्यता किती. वारा भिंतीकडं असला की चेंडू लांब जातो. पाऊस आला की मॅच रद्द.

तापमान वाचून पहिल्या दिवशी मी घाबरले होते. बहात्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. वैशाली म्हणाली, आपल्या जळगावचा मे महिना पन्नाशीच्या आत असतो, ही माणसं जगतात कशी? नंतर सरांनी सांगितलं की त्यांचे अंश वेगळे. तिथले बहात्तर म्हणजे आपले बावीस-तेवीस.

चूक होऊ नये म्हणून हे काम दोनदा करतात. तोच कागद आधी मी टाइप करायचा, मग वैशालीनं. मशीन दोन्ही फाइली शेजारी ठेवून जुळवतं. फरक दिसला तर थांबतं, नाही दिसला तर ओके म्हणतं आणि पहिली फाइल पुढं जाते. याला डबल एन्ट्री म्हणतात. या लॉटला मशीन ओके म्हणालं होतं.

तरी छताखाली पाऊस पडला होता.

सरांनी कपाटातून कागद काढले. त्या मैदानाचं पान समोर ठेवलं. छापलेल्या आकड्यांवर लाल पेनानं नानांच्या बारीक, सुंदर अक्षरात दुसरे आकडे होते. वारा शून्य होता, तिथं सहा, आठ, सात. पाऊस शून्य होता, तिथंही आकडे. बाराही महिने सारखं असलेलं तापमान खालीवर केलेलं. लाल शाई असेल तिथं छापलेलं सोडून लाल टाइप करायचं, ही आमची पद्धत. मी लाल टाइप केलं. वैशालीनंही.

सरांनी बाकीची पानं उलटली. ते खुर्चीत बसले.

"सगळी मैदानं सारखी केलीत," ते म्हणाले.

खरंच केली होती. डावीकडं भिंत जवळ आणि उजवीकडं लांब असेल, तर नानांनी मधला आकडा काढून दोन्हीकडं तोच घातला होता. एका मैदानाची डावी भिंत तीन मजली घराएवढी उंच होती. तिला कापून इतरांच्या बरोबरीला आणलं होतं.

"नानांना विचारू का फोन करून?" मी म्हणाले.

"नको." सर पटकन म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "मंगल, त्या माणसानं मला ग्राउंडवर उन्हात उभं केलंय. मी त्यांना काय सांगू, की तुम्ही चुकलात?"

"मग मुंबईला काय कळवायचं?"

हे काम सरांना मुंबईच्या एका पार्टीमार्फत मिळालं होतं. फॅक्स तिकडूनच आला होता. सर माझ्याकडं न बघता बोलले. "त्यांना कोड लागतो. फाइलवर तुझा आहे. सध्या तोच कळवू. नंतर बघतो मी काहीतरी."

नंतर म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

"दुसरा लॉट नानांकडं आहे," सर म्हणाले. "उद्या रविवार. तू धुळ्याला जाऊन पाकीट घेऊन ये. अर्जंट मागितलंय म्हण. बाकी काही बोलू नको."

निघताना वैशालीनं मला जिन्यात गाठलं. "तू कसाले घाबरस? लाल पेन नानाना शे, आपला नही."

तिचं बरोबर होतं. पण ज्यांनी मला खुर्चीवर बसवलं, त्यांचं नाव मी घ्यायचं? ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

रविवारी सकाळच्या बसनं गेले, जानेवारीच्या थंडीत. नाना घरी नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी मागच्या मैदानाकडं बोट केलं. तिथं टेनिस बॉलची मॅच चालली होती आणि मफलर गुंडाळून नाना अंपायर उभे होते. मैदान कसलं, जिनिंग मिलच्या मागची मोकळी जागा. एका बाजूला मिलची भिंत, अगदी अंगावर आलेली, वर पत्रे ठोकून उंच केलेली. दुसऱ्या बाजूला नाल्यापर्यंत मोकळं रान. फक्कीनं मारलेल्या रेघा मात्र दोरी धरून मारल्यासारख्या.

मी कडेला उभी राहिले. एका धिप्पाड मुलानं बॉल भिरकावला. तो पत्र्यावरून मिलमध्ये गेला. मुलानं दोन्ही हात वर केले.

"सिक्स!"

"दोन," नाना म्हणाले.

"नाना, भिंतना पल्याड गया! तठे नालाकडे गया तर सहा, अन् आठे दोन? हाई काय न्याय शे?"

"भिंत जवळ शे म्हनीसन दोन. तुले माहीत शे."

"मंग दोन्ही बाजू सारख्या करा ना!"

नानांचा आवाज चढला. "भिंत पहिले व्हती, मैदान नंतर उनं. भिंत मी सरकाडू का?"

पोरं हसली. मुलगा पाय आपटत क्रीजमध्ये गेला. नाना मात्र तिथंच भिंतीकडं बघत उभे राहिले. बॉलर धावत आला तेव्हा त्यांनी त्याला हातानं थांबवलं, एका मुलाला आपल्या जागी उभं केलं आणि माझ्याकडं आले.

"पाकीट न्यायला आलीस?"

"हो. अर्जंट मागितलंय."

आम्ही घराकडं चालू लागलो. चार पावलं जाऊन ते म्हणाले, "पोरी, अमेरिकेतल्या मैदानांच्या भिंती आधीच्या असतील का गं?"

"माहीत नाही, नाना."

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

मी मान दुसरीकडं केली. पण चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेला माणूस होता.

"सोनवण्यानं काय सांगू नको म्हटलंय?"

मग मी सांगितलं. फॅक्स, छत, पाऊस.

"कुठल्या छताखाली?" त्यांनी विचारलं. "छत असा रकाना तर सगळ्याच पानांवर होता. मला वाटलं, बसणाऱ्यांच्या डोक्यावरचं."

"अख्ख्या मैदानावर आहे म्हणे. आत वारा नाही, पाऊस नाही."

नानांनी वर आभाळाकडं बघितलं. "मैदानावर छत? मग त्याला मैदान कशाला म्हणायचं? हॉल म्हणा." मग म्हणाले, "मी म्हटलं, बारा महिने वारा नाही असं गाव पृथ्वीवर नाही. तिकडच्या टाइप करणाऱ्यानं कंटाळून शून्य मारलं असेल."

घरी आल्यावर त्यांनी पाकीट आणलं. अर्धी पानं लाल झाली होती. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. काखेत धरलं.

"तुझं काय होणार?"

"कोड माझा आहे."

त्यांनी सुनेला हाक मारली आणि कोट मागितला.

जळगावच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मांडीवर पानं घेऊन लाल शाईखालचे छापलेले आकडे वाचत होते. एरंडोलच्या पुढं आल्यावर म्हणाले, "हे बघ. डावीकडं भिंत जवळ होती, म्हणून त्यांनी ती उंच बांधली. जवळ, पण उंच. पत्रे ठोकले आपल्यासारखे. मी जवळचं लांब केलं आणि उंच कापलं." त्यांनी पान खाली ठेवलं. "शाळेत कबड्डीचं मैदान वीतभर कमीजास्त झालं तरी प्रोटेस्ट यायचा. जन्मभर दोन्ही बाजू सारख्याच केल्या मी."

रविवार असूनही सर ऑफिसात होते. नानांना दारात बघून उभे राहिले.

"नाना, तुम्ही कशाला आलात, मी..."

"बस. आठवीत तू फक्कीची रेघ वाकडी मारलीस, तेव्हा मी काय केलं होतं?"

"पुसायला लावली होती."

"मग?"

"उन्हात पण उभं केलं होतं."

"ते तू उलट बोललास म्हणून. कागद घे. लिही."

सरांनी पेन घेतलं. नाना शाळेत डिक्टेशन द्यायचे तसे सावकाश सांगत गेले. "टाइप करणारीनं कागदाप्रमाणे टाइप केलं. तपासणाऱ्यानं मैदानं न बघता आकडे बदलले. ही चूक तपासणाऱ्याची. त्याचं नाव..."

सरांनी पेन थांबवलं. "नाव दिलं तर मुंबईवाले चेकर बदला म्हणतील."

"बदल."

"नाना."

"अरे, नियम आहे ना तुमचा? लॉट रिजेक्ट झाला की दुसरीकडं बघायचं. मला धुळ्यात मैदान आहे. हिला कुठं आहे?"

सरांनी नाव लिहिलं. इंग्रजीत करून सोमवारी फॅक्स केला.

मुंबईवाल्यांनी दोन गोष्टी कळवल्या. चेकर बदला आणि दोन्ही लॉट पुन्हा करा. लाल शाई खोडून निघत नाही, पण तिच्याखालचं छापलेलं वाचता येत होतं. मी आणि वैशालीनं ते वाचून सगळं पुन्हा टाइप केलं. एक मैदान डावीकडं आखूड, एक उजवीकडं फुगलेलं, एक अख्खं छताखाली. या वेळी फॅक्सवर एकच शब्द आला. ओके.

माझी ट्रायल संपली. चेकरचं काम सरांनी काही महिन्यांनी माझ्याकडं दिलं. नानांकडं पाकीट जाणं बंद झालं. एकदा जळगावात लग्नाला आले होते, तेव्हा ऑफिसात डोकावले. खुर्चीत बसले, चहा घेतला.

"पुन्हा पडला का पाऊस?"

"नाही, नाना."

"बरं झालं," म्हणाले आणि बशीत उरलेला चहा संपवला.

मी आजही हेच काम करते. आता खेळाचं नसतं, औषधांचं, इन्शुरन्सचं असतं. नव्या मुलांना मी डबल एन्ट्री शिकवते, तेव्हा एवढं सांगते की मशीन फक्त दोघांचं जुळलं का ते बघतं. दोघांपुढं एकच चुकीचा कागद असेल, तर मशीन ओकेच म्हणणार. लाल पेन आमच्या टेबलावर नसतं. एखादा आकडा वेडावाकडा वाटला, तर मी तो बदलत नाही. बाजूला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करते आणि पार्टीला फोन लावून विचारते, की तुमच्याकडं तिथं भिंत आहे का.

भिंत कसली, ते पार्टीला कळत नाही. पण ते जाऊन मूळ कागद बघून येतात.