तिच्या दुखण्याचा आकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

मला मधुमेह, माझ्या बायकोला, सुमनला, संधिवात. दोघांचे डॉक्टर वेगळे, पण बोलणं एकच: टार्गेट ठरवायचं, गाठलं नाही तर औषध वाढवायचं. माझं टार्गेट गाठलं की नाही, ते रक्तातली साखर सांगायची. रक्ताला काय पढवणार? मंडईजवळ चोरून जिलबी खायचो आणि रिपोर्ट दर वेळी माझी अब्रू काढायचा. सुमनचं तसं नव्हतं. डॉक्टर तिचा एकेक सांधा दाबून 'दुखतंय?' विचारायचे. मग म्हणायचे, शून्य ते दहामध्ये त्रास किती, ते सांगा. रक्त तिचंही तपासायचे, पण तिचा शब्दही मोजमापात धरला जायचा.

आणि तिचा शब्द — तो माझ्या हातात होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी तिला दुखणं मारायची गोळी द्यायचो. रिक्षात म्हणायचो, "दोन सांग. उगाच औषधं वाढवतील." औषधांची भीती होती का? होती थोडी. पण खरं सांगू? मला आजारी बायको नको होती. पोळ्या वेळेवर हव्या होत्या. आणि घरातलं निदान एक माणूस तरी टार्गेटमध्ये हवं होतं. डॉक्टर 'छान' म्हणाले की मीच खूश व्हायचो — जशी काही माझीच साखर उतरली.

सुमन उलट बोलली नाही. आधी माझ्याकडे बघायची, मग म्हणायची, "दोन."

पुढे सूज लपेना, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सांध्यांची हाडं आतून खाल्ली गेली होती. औषध वाढवलं, पण वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत. उजव्या हाताची बोटं उजवीकडे कलली आहेत. जेवताना मी तिच्या उजवीकडे बसतो. ती हात टेबलावर ठेवते आणि बोटं माझ्याकडे बघत राहतात. मी खुर्ची बदलून पाहिली. डाव्या हाताची डावीकडे कलली आहेत.

आणि तो आवाज — दुपारी स्वयंपाकघरात ती एकटीच असते आणि मला ऐकू येतं, "दोन... दोन." विचारलेलं कुणीच नसतं. आवाज तिचा, बोलण्याची ढब माझी. मला माझ्याच घरात भीती वाटते.

परवा तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "सुमन, आज खरं सांग. किती दुखतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"अहो, किती सांगू?"

ती माझ्या आकड्याची वाट बघत राहिली.