पाचशे बाराची रॅम

"हात नको लावू. तुह्या हातानं रॅम मरते."

चंद्रपुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मालक मला हे बोलला. शेजारी बाबा उभे होते. आलापल्लीच्या लाकूड डेपोत चौकीदार. दोन एसटी बदलून आम्ही मशीन जोडून घ्यायला आलो होतो.

मी मान हलवली. मला पटलंही. अंगातल्या विजेनं रॅम जळते, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

मला पाचशे बारा एमबीची हवी होती. आमच्या वस्तीची पत्रकं मला स्वतः काढायची होती, कारण छापखानेवाला आमचे शब्द बदलायचा. गडचिरोलीत मी शिकलो ती मशीन एकशे अठ्ठावीसची. पानात फोटो टाकला की अडकून पडायची. हात लावू नको म्हणण्याआधीच मालकाला हे सगळं सांगितलं होतं. त्यानं आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध, हे त्याला तेवढ्यानं कळलं.

"अस्सं! मंग एकशे अठ्ठावीस बस झाली तुमाले. जिंदाबाद-मुर्दाबादले किती रॅम लागते?"

दुकान हसलं. बाबाही हसले. ते जास्त लागलं.

तेवढ्यात एका ठेकेदाराचा मुलगा आला. त्यानं तीच पाचशे बाराची पट्टी ट्रेमधून उचलली, तिच्या सोनेरी दातांवरून अंगठा फिरवला, पॅन्टला पुसली. मालक म्हणाला, "पाहा ना भाऊ, घरचंच दुकान हाये."

मला पुस्तकातलं आठवलं. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवून अंगातली वीज उतरवली. मग हात पुढे केला. मालकानं ट्रे ओढून घेतला.

"एकदा सांगतलं ना तुले?"

विजेचा प्रश्नच नव्हता. मी मूर्ख, त्याच्या विटाळाला विज्ञान समजून मान हलवत होतो.

मी ठेकेदाराच्या मुलाकडे बोट दाखवलं. "यायच्या हाताले करंट नाई काय, मालक?"

आता कोणी हसलं नाही.

"मी देतो ते घे. नाई तर रस्ता पकड."

"नाई घेत."

परतीच्या एसटीत बाबा म्हणाले, "दोन शब्द आयकून घेतले असते तं मशीन घरी आली असती. आता कोन देईन तुले?"

खरंच होतं. बाकीची दुकानं त्याच्याच नात्यागोत्यातली.

आता मी कार्बन लावून हातानं पत्रकं लिहितो. चौथी प्रत वाचता येत नाही. वाचणारेही फार नाहीत. मशीन कधी येईल ठाऊक नाही; कदाचित येणारच नाही. पण आडनाव ऐकून माझी रॅम ठरवणाऱ्याकडून मी साधा स्क्रूसुद्धा घेणार नाही. बाबांनी हात जोडले तरी नाही.