चौदाव्या दिवशी आलेली हरकत

मी विकत घेणार होते त्या घराच्या व्यवहाराला फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी लेखी हरकत दाखल झाली. नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची होती. हा चौदावा दिवस. हरकतीखाली विकणाऱ्याच्या बहिणीची सही होती. मजकुराचं अक्षर माझं होतं.

त्याआधीच्या जूनमध्ये मी बुलढाण्याला आले. वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयाचं काम माझ्याकडे आलं होतं. मी मूळची नांदुऱ्याची, म्हणजे याच जिल्ह्यातली, पण घाटाखालची. लहानपणी बुलढाण्याला दोनदा आले होते, दोन्ही वेळा दाखल्यासाठी, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या एसटीनं परत गेले होते. नोकरीची बावीस वर्षं तीन शहरांत डेस्कवर गेली. त्यात सहा भाड्याच्या खोल्या झाल्या. वय सेहेचाळीस. इथली खोली सातवी होती. सामान लावताना पुस्तकांची खोकी न उघडता तशीच ठेवली. आठवी खोली भाड्याची नको, हे तेव्हा ठरलं.

घर शोधायला मला एकच पद्धत येत होती, बातमी शोधायची. प्रत्येक वस्ती तीनदा बघायची: सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला. ऐकलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. रविवार त्यासाठी ठेवला. चिखली रोड, धाड रोड, मलकापूर रोडनं राजूर घाटाच्या तोंडापर्यंत, सगळं पायी. ज्या गल्लीत गच्च्यांवर निळे ड्रम जास्त, तिथे नळ उशिरा येतो, हे तिसऱ्या रविवारी लक्षात आलं. मग विचारायच्या आधी ड्रम मोजायला लागले. तलावाच्या बाजूला हवा चांगली होती, घरं परवडणारी नव्हती. दुपारी बसस्थानकासमोर जेवत असे. वाढणारा "किती जण?" विचारायचा. चौथ्या रविवारपासून त्यानं विचारणं सोडलं आणि एक ताट ठेवायला लागला. रविवारी कार्यालयाचा सोडून दुसरा फोन येत नसे. आलाच तर चुकीचा लागलेला असे.

नोव्हेंबरात चिखली रोडच्या आतल्या बाजूला एक घर मिळालं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे सीताफळाचं झाड. बांधणारे शिक्षक वारले होते. मुलगा अकोल्याला नोकरीला होता. किल्ली शेजारच्या बाईंकडे असायची. त्या माझ्यासोबत आत आल्या.

"कोण कोण राह्यणार?"

"मी."

"आन मालक?"

"मालक मीच."

"तसं नाही वो. घरचे मालक."

"नाहीत."

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही खोल्यांकडे पाहिलं. "मंग दोन खोल्या काऊन पाह्यजे?"

मी पुस्तकं आहेत म्हणाले. "पुस्तकायले एक खोली," त्या म्हणाल्या, आणि हसत किल्ली फिरवत पुढे गेल्या.

ते घर मी सहा वेळा पाहिलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसल्या, मुलांची उंची मोजतात तशा. दोन रांगा होत्या. त्या मी पाहिल्या, पण नोंदवहीत लिहिल्या नाहीत. नोंदवहीत भिंतीची ओल होती, नळाचा दिवस होता, सांडपाण्याचा उतार होता.

विकणाऱ्याची आणि माझी दोनदा भेट झाली. "वडिलांच्या मागं मी एकटाच," तो म्हणाला. कराच्या पावतीवर त्याचंच नाव होतं. शेजारच्या बाईंना विचारलं, "यांच्या मालकीबद्दल काही वाद?" त्या म्हणाल्या, "नाही बा, त्याचंच हाय." तीन ठिकाणांहून खात्री झाली असं मी धरलं. पावतीवर नाव त्याच्याच अर्जावरून लागलं होतं आणि बाईंना जे माहीत होतं ते त्यानंच सांगितलेलं होतं. स्रोत एकच होता. नव्या वार्ताहराकडून अशी बातमी आली असती तर मी परत पाठवली असती.

सौदा तोंडी ठरला. लेखी करण्याआधी माझ्या वकिलांनी रीतीप्रमाणे जाहीर नोटीस द्यायला सांगितली: माझे पक्षकार खालील मिळकत विकत घेत आहेत, कुणाचा हक्क असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावं. घेणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. नोटीस आमच्याच वर्तमानपत्रात आली. पान मीच तपासलं. चतुःसीमा बरोबर होत्या.

त्या दोन आठवड्यांत मी बाईंकडून किल्ली आणून पडद्यांची मापं घेतली.

चौदाव्या दिवशी अकराच्या सुमाराला कार्यालयात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेलं आमचं पान. रोहिणखेडहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. कार्यालयात मी एकटीच होते.

"हे छापणारं हापिस हेच काय?"

मी हो म्हणाले. त्यांनी पान टेबलावर पसरलं आणि नोटिशीवर बोट ठेवलं.

"हे माह्या बापाचं घर हाय. आमचे हे दाढीले गेलते, तिथं पेपर वाचला. घरी आले न म्हणे, तुह्या माहेराची जाहिरात आली वं. मले वाटलं मस्करी करून राह्यले."

"भावानं सांगितलं नाही?"

"नाही न. दिवाळीले फोन केला त्यानं. लाडू कसे झाले ते इचारलं. घराचं नाव नाही."

आमच्याकडे वडिलांची जागा विकायची तर भाऊ आधी बहिणीच्या घरी जातो. तिला साडी-चोळी करतो, तिच्या हातचं जेवतो आणि मग हक्कसोडीवर तिची सही घेतो. कायद्यानं तिचा वाटा भावाइतकाच असतो. बहुतेक जणी साडी घेऊन तो सोडतात.

"मले हिस्सा नको," त्या म्हणाल्या. "दोन एकर हाय आमची, पोरगं कमावते. पण त्यानं याव. बसाव. घर विकून राह्यलो म्हणाव. एवढंच लिहून द्या. माहं अक्षर लोकायले लागत नाही."

वकिलांचं कार्यालय न्यायालयासमोर, चालत दहा मिनिटांवर. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ही वर्तमानपत्राची बाब नाही, एवढं सांगून मला त्यांना परत पाठवता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं.

मी कोरा कागद घेतला. हिस्सा नको असं लिहिलं तर हरकत टिकणार नाही, हे त्यांना सांगितलं. हरकत हक्काची असते, रागाची नसते.

"मंग हक्क लिहा," त्या म्हणाल्या. "राग मी त्याले तोंडानं सांगतो."

लिहिताना त्यांनी विचारलं, "तुमचं माहेर कुठचं?"

"नांदुरा."

"घर हाय?"

"विकलं. भावानं."

"सही केली तुमी?"

"केली."

"साडी आणली त्यानं?"

"कुरिअरनं पाठवली."

मी मजकूर वाचून दाखवला. त्यांनी सावकाश सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग मी सांगितलं की ते घर मीच घेतेय.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंग काऊन लिहून देल्लं?"

"तुम्ही विचारलंत."

"तुमी त येड्याच हाव, ताई." कागदाची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली. दारात थांबून म्हणाल्या, "घर चांगलं हाय. न्हाणीतलं पाणी तुंबते, तेवढं पाहून घेजा."

त्यांना रस्ता दाखवायला मी कोपऱ्यापर्यंत गेले. पाऊण वाजता वकिलांच्या कार्यालयानं हरकत घेतली आणि पोच दिली. वकिलांनी मला फोन केला. हक्कसोडीवर बहिणीची सही होईपर्यंत पुढे जाऊ नका, म्हणाले. अक्षराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

विकणाऱ्याचा फोन संध्याकाळी आला. "तिले कोणी भडकवलं हो?" त्यानं विचारलं. मी त्याला काय झालं ते क्रमानं सांगितलं. तो म्हणाला, "लग्न मी लावून देल्लं तिचं. आता तिच्या दारात जाऊन हात जोडू काय?" मी म्हणाले, जेवायला जा. त्यानं फोन ठेवला.

किल्ली परत द्यायला गेले तेव्हा शेजारच्या बाईंना बहिणीबद्दल विचारलं. "हाय न. लहानपणी इथंच त खेळे," त्या म्हणाल्या. "तुमी इचारलंच नाही."

मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये मी वकिलांकडे चौकशी केली. भाऊ रोहिणखेडला गेलेला नव्हता. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही गेलेला नव्हता. हरकत कायम होती. घराला कुलूप होतं. त्याच आठवड्यात मी भाड्याच्या खोलीचा करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला.