बाराच्या रेघेपर्यंत

माझ्या रक्तात काय कमी आहे हे माझ्या आधी माझ्या मैत्रिणीला कळलं होतं, आणि तिने ते मला सांगितलं नाही. लोकांना हे सांगायला गेलं की ते विचारतात, मग त्यात तिने तुझं वाईट काय केलं? या प्रश्नाने माझं डोकं फिरतं, म्हणून मी सांगणंच सोडून दिलं होतं.

मी तेव्हा भिवंडीत फार्मसीच्या डिप्लोमाला होते. आमचा पाडा गणेशपुरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. सकाळची एसटी पकडायची, भिवंडीच्या स्टँडवर उतरायचं आणि कॉलेजपर्यंत चालत जायचं. पाड्यावरून एवढं शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे कौतुक होतं तसा धाकही होता. बाबांनी प्रवेश घेतानाच सांगून टाकलं होतं, "येकदाच बसायचं. नापास झालीस त मावशीसंगं अंजूरच्या गोडावनात पॅकिंगला." ते रागाने बोलले नव्हते. उद्या बाजार आहे म्हणावं तसं बोलले, आणि त्यांचं असं बोलणं कधी मागे फिरत नाही हे मला ठाऊक होतं.

पहिल्या वर्षाला शरीररचनेची प्रात्यक्षिक परीक्षा असते. एका टेबलावर हाड हातात देतात. ते कोणतं, डावं की उजवं, हे सांगायचं. दुसऱ्या टेबलावर आपलंच बोट टोचून हिमोग्लोबिन काढायचं. सगळी तयारी जोडीने करायची. माझ्या जोडीला जी आली ती भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, लूमवाल्यांची मुलगी. तिला हाडांचं वावडं होतं. मांडीचं हाड हातात घेतलं की तिचा चेहरा पडायचा आणि डावं-उजवं हमखास उलटं व्हायचं.

मला हाडं यायची. घरी न्यायची सोय नव्हती. मेलेल्या माणसाचं हाड उंबऱ्याच्या आत आलेलं आईने खपवून घेतलं नसतं. मग मी लॅबमध्ये डोळे मिटून ती चाचपायची आणि घरी जिवंत माणसांवर उजळणी करायची. बाबा जेवून आडवे झाले की त्यांच्या नडगीवरून बोट फिरवायची. ते म्हणायचे, शिक, पण गुदगुल्या नको. अशी सगळी हाडं मी पाठ केली, आणि दुपारच्या सुट्टीत तिलाही शिकवली. तिच्याच दंडावर, तिच्याच गुडघ्यावर, तिच्या आकलनाच्या वेगाने, म्हणजे गोगलगायीच्या.

रक्ताच्या टेबलावर मात्र मी अडायची. काम तसं साधं आहे. बारीक नळीत आम्ल घ्यायचं, त्यात बोटातलं रक्त सोडायचं, ते तपकिरी झालं की थेंबाथेंबाने पाणी घालत जायचं. शेजारी रंगीत काच असते. नळीतला रंग त्या काचेइतका फिका झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. माझा रंग आठाच्या रेघेवरच जुळायचा. पुस्तकात बायकांसाठी बारा लिहिलेलं. आमच्या मॅडम लांबूनच म्हणायच्या, आठ आलं म्हणजे हात चुकला, परत कर. मी परत बोट टोचायची. परत आठ.

तेव्हा मैत्रिणीने मला समजावलं. तिच्या घरी रंगीत सुताचं काम होतं. सूत गुंडाळलेल्या शेकडो कोनांतून वेगळ्या शेडचा एक कोन तिचे अब्बा चालता चालता काढून ठेवायचे, हे मी स्वतः त्यांच्या कारखान्यात पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुला शेड कळत नाय गो. आमच्या घराचं पोट शेडवर चालतं. टाक अजून पाणी, बाराच्या रेघेपर्यंत टाक." मला पटलं. रानात पिकलेलं करवंद मला लांबून ओळखता यायचं, तरी रंगाच्या बाबतीत लूमवाल्यांच्या मुलीपुढे माझ्या डोळ्यांची काय टाप? मी पाणी टाकत गेले. नळीतलं रक्त पार पाणचट व्हायचं, पण आकडा बारा यायचा, आणि मॅडम मान डोलवायच्या.

कॉलेजचे जिने चढताना मला धाप लागायची. ती न बोलता माझी बॅग घ्यायची. डब्यात माझ्यासाठी वेगळे खजूर आणायची, कधी तव्यावरची कलेजी, आणि मी खाईपर्यंत समोरून उठायची नाही. मला वाटायचं, सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं. घरी आईला मी हे अभिमानाने सांगायची.

परीक्षेला बाहेरचे सर आले होते. हाडांच्या टेबलावर मी पटापट सांगितलं, सर हसले. तिला नेमकं मांडीचंच हाड आलं, आणि तिने डावं म्हणून बरोबर सांगितलं. मला इतका आनंद झाला की स्वतःची परीक्षा विसरले.

मग रक्ताचं टेबल. सर समोर उभे. मी थेंब टाकत गेले आणि आठावर रंग जुळला. अगदी जुळला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने किंचित मान हलवली, टाक म्हणून. मी बारापर्यंत टाकलं आणि आकडा सांगितला.

सरांनी नळी उजेडात धरली, खाली ठेवली. मग पुढे होऊन माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. तिला विचारलं, "तू हिची पार्टनर ना? हिचं नेहमी किती येतं?"

"आठ, सर," ती म्हणाली. "कधी साडेसात. मला पहिल्यापासून दिसत होतं."

सरांनी तिला शाबासकी दिली, नजर चांगली आहे म्हणाले. मला म्हणाले, आकडा बनवून सांगणाऱ्याने औषधाच्या दुकानात बसू नये, आणि आधी दवाखान्यात जा. त्या टेबलावर मी नापास झाले, ती पहिल्या नंबराने पास झाली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला एवढंच विचारलं, का? ती रडत नव्हती, खोटंही बोलली नाही. मागच्या बॅचची एक मुलगी रक्त कमी म्हणून लॅबमध्ये चक्कर येऊन पडली होती; तिला मॅडमनी डॉक्टरचा दाखला आण म्हणून घरी पाठवलं आणि ती परत आलीच नाही. "तुझं आठ खरं आहे हे कळलं असतं तर तुलाही पाठवलं असतं," ती म्हणाली. "मग मला हाडं कोणी शिकवली असती?"

बाबांनी एकदाच बसायचं म्हटलं होतं, पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझा रिपोर्ट समजावला तेव्हा ते खाली बघत राहिले, आणि गोडाऊनचं नाव निघालं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुन्हा परीक्षा दिली, पास झाले. आज औषधाच्या दुकानात बसते. फिकट चेहऱ्याची बाई काउंटरवर आली की तिला तोंडावर सांगते, रक्त कमी दिसतंय, तपासून घ्या. कुणाला आवडो न आवडो.

तिने मला वापरलं, हे मी समजू शकते. परीक्षेत जो तो आपापलं बघतो. पण त्या व्हरांड्यात माझ्या टोचलेल्या बोटातून अजून रक्त येत होतं. तिने सवयीने माझा हात हातात घेतला, खिशातला कापूस काढून बोटावर दाबून धरला. सगळं कळून चुकलेलं असतानाही, रक्त थांबेपर्यंत, मी तो हात तिच्या हातात राहू दिला, कारण तेवढी माया मला दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. ते तिला माहीत होतं.