गुलनारच्या जिभेवरचा कांदा

अमडापूरच्या बाजारात गुलाम रसूलच्या ढिगापाशी येऊन कोणी "चाचा, कांदा गोड आहे का?" असं विचारलं, की झालं! त्याचा पारा चढलाच म्हणून समजा. "गोड पाह्यजे तं पलीकडं गूळ इकतात, तिकडं जाय ना बाप्पा," असं तो सुनवायचा आणि गिऱ्हाईक हसत हसत दोन किलो घेऊन जायचं. कारण गुलाम रसूलचा कांदा झोंबरा. चिरायला घेतला की पलीकडच्या खोलीतला माणूससुद्धा डोळे पुसायचा. वावर उंद्रीच्या वाटेवरचं, बियाणं बापाच्या वेळेपासून घरचं, आणि त्या कांद्याचा तोरा हा पठ्ठ्या स्वतःचाच समजून मिरवायचा.

खरं तर ती सगळी करामत त्याच्या बायकोची, गुलनारची. बियाण्यासाठी कांदे लावताना त्यांचा शेंडा कापतात, म्हणजे कोंब लवकर फुटतो. हे सगळेच करतात. पण या घरात कापलेला प्रत्येक शेंडा गुलनारच्या जिभेला लागल्याशिवाय कांदा मातीत जात नसे. सासूनं शिकवलेली रीत. झोंबला तर पाटीत, नाही झोंबला तर बाद. मग तो दिसायला कितीही देखणा असो.

"अवं, कसा लालबुंद आहे, पाह्य तं!" गुलाम रसूल काकुळतीला यायचा.

"दिसाले काय, एका काळी तुम्हीबी होते," म्हणत ती तो कांदा मागे फेकायची. यावरून दोघांची दर साली अशी जुंपायची की शेजारच्या वावरातला कडूबा मजा बघायला दोन वावरांमधल्या धुऱ्यावर येऊन बसे. (घरात त्यांची बोली उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी. इथं आपली वऱ्हाडीच बरी.)

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गुलनार तापली. वाचली, पण वास गेला तो गेलाच. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि ही चुलीपुढेच बसलेली. गुलाम रसूलनं धावत येऊन पातेलं उतरवलं तेव्हा ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ईदच्या बिर्याणीत मसाला पुरेसा पडला का, हेही तिला शेजारणीला विचारावं लागे. ज्या बाईला सारा मोहल्ला चव विचारायला यायचा, तिच्यावर ही पाळी! फक्त कच्चा कांदा तेवढा अजून झोंबत होता. वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून गुलनार भाकरीबरोबर कांद्याची फोड खाल्ल्याशिवाय उठत नसे. "एवढं तं राह्यलं माह्यापाशी," ती म्हणायची.

मग आला गाळ. गावच्या तलावातला गाळ काढून वावरात टाकायची लाट आली. काळाभोर, लोण्यासारखा गाळ! ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. गुलाम रसूलच्या अंगात काही करायचं म्हटलं की निम्मं करणं नाहीच. त्यानं कांद्याच्या वावरात हातभर थर चढवला. कडूबाचं वावर टेकाडावर, दगडगोट्यांचं, तिथं ट्रॅक्टर चढेना. तो आपला बैलांच्या कडब्यासाठी दर साली ज्वारी पेरायचा. "राह्य तू तुह्या गोट्यायमंदी," असं गुलाम रसूलनं त्याला चिडवलंसुद्धा.

त्या रब्बीत कांद्याची नवी पात पिवळी निघाली. जुनी हिरवी, कोवळी पिवळी. दुकानदारानं गंधक दिलं, युरिया दिला, आणि रोपाची मुळं बुडवायला बुरशी मारायचं औषध दिलं. गुलाम रसूलनं सगळं हात सैल सोडून घातलं. चैत्रात कांदा निघाला तो मात्र मोठा, चकचकीत. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "चाचा, औंदा कांदा गोड हाय!" त्याला वाटलं, चेष्टा करून राह्यले. त्याला स्वतःला पित्ताचा त्रास, कच्चा कांदा वर्ज्य. आणि घरात गुलनार कांदा चिरताना पदरानं डोळे पुसतच होती. मग शंका यावी कशाला?

शंका आली ती दिवाळीच्या सुमारास, बियाण्याचे कांदे निवडताना. तो शेंडे कापून देत होता, ती जिभेला लावून कांदा पाटीत टाकत होती. हा पाटीत. हा पाटीत. हाही पाटीत. दुपार झाली तरी तिनं एकही कांदा बाद केला नव्हता, आणि दोघांचं एका शब्दानं भांडण झालं नव्हतं. पित्ताला बाजूला सारून त्यानं एक शेंडा तोंडात टाकला. दुसरा टाकला. तिसरा. कुठलं काय! नुसतं पाणी.

"गुलनार, हे झोंबून राह्यलं तुले?"

"हाव," ती खाली बघत म्हणाली.

"खोटं बोलू नको."

तेव्हा तिच्या हातातली पाटी निसटली. "चैत्रापासून कायच लागत नाई मले," ती म्हणाली. "तेवढंच उरलं होतं, तेबी गेलं. तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही आठ दिवस जेवले नसते, म्हणून डोळे पुसायचं नाटक करत होते."

"वेडी का काय! तुह्या जिभेले कायबी नाई झालं. कांदाच फिका आहे, मी खाल्ला ना आता!"

"तुम्ही तं माह्या मनासाठी दगडालेबी गोड म्हणसान."

तो बाजारातून दुसरा कांदा आणून देतो म्हणाला, तर ती हात जोडून नको म्हणाली. तोही नाही झोंबला तर? ती भीती तिला सोसणार नव्हती. "आपल्या वावरातला कांदा पुन्हा तसा झाला, तं त्यालेच लावीन जीभ. दुसऱ्याले नाई." एवढं बोलून ती चूल पेटवायला उठली. गुलाम रसूल कांद्यांच्या राशीपाशी बसून राहिला, आणि बायको चैत्रापासून एकटीच हे सोसत होती या विचारानं त्याला रडू आवरेना.

दिवाळीला लेक आली. यास्मीन शेतकीचं शिकलेली, अकोल्याला माती तपासण्याच्या कामावर. बापानं सगळं सांगितलं. ती वावरात गेली, मागे राहून गेलेला एक कांदा पुन्हा उगवला होता तो मुळासकट उपटून आणला आणि ओट्यावर बापाला घेऊन बसली.

"अब्बा, कांद्याचं मूळ आळशी असते. जाड, आखूड, ना फाटे ना केस. हात लांब करून ते काही आणत नाई. झोंबण्याले लागते गंधक, आणि ते त्याले आणून देते एक बुरशी. मुळाच्या आत राह्यते, केसाहून बारीक दोरे मातीत दूरवर सोडते. जिथं मूळ पोचत नाई तिथलं गंधक ओढून आणते. कांदा तिले साखर खाऊ घालतो, ती कांद्याले गंधक."

"बुरशी?" गुलाम रसूल उडालाच. "तिले माराले तं मी औषध घालून राह्यलो!"

"तेच तं," यास्मीन म्हणाली. "त्यातून ती जित्या मुळायच्या आधारानं जगते. तुमचा गाळ वर्षानुवर्षं पाण्याखाली होता, त्याच्यात ती कुठून येईन? आपली जुनी माती हातभर खाली गाडली तुम्ही. वर गंधक पसरलं, पण आणून देणारंच कोणी नाई."

माणूस हौसेनं करायला जातो आणि आपल्याच हातानं घरच्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतो. गुलाम रसूलला फार लागलं ते. त्यानं एवढंच विचारलं, "मंग आता कुठून आणू तिले?"

"जिथं गाळ नाई पडला, औषध नाई पडलं, आणि दर साली ज्वारी असते, अशा वावरातून. ज्वारीच्या मुळातबी ती राह्यते. तिच्या मुळाजवळची माती."

अख्ख्या शिवारात असं वावर एकच. गुलाम रसूल टोपलं घेऊन टेकाडावर गेला, तेव्हा कडूबा मनमुराद हसला. "काऊन बे रसूल? तळं आणलं वावरात, आता माह्ये गोटेबी नेतं?" पण गुलनारचं ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. त्यानं स्वतः कुदळ घेतली, ज्वारीच्या मुळाजवळची माती खणून दिली, आणि वरून म्हणाला, "वहिनीसाठी देतो. तुह्यासाठी नाई."

ती माती रोपाच्या वाफ्यात मिसळली. लावणीच्या वेळी तीच मूठमूठ सऱ्यांमधून टाकली. औषधाचा डबा दुकानात परत गेला. यास्मीन फोनवरून बजावत होती की एका सालात सगळं नीट होईल असं नाही, धीर धरा. धीर आणि गुलाम रसूल! माघ सरेपर्यंत तो रोज पहाटे वावरात जाऊन पातीचा रंग बघत होता. नवी पात हिरवी निघाली, त्या दिवशी त्यानं घरी काहीच सांगितलं नाही. ती विश्वास ठेवणार नाही हे त्याला माहीत होतं.

कांदा भरत आला तशी तो गुलनारला वावरात घेऊन गेला. एक कांदा उपटला, पुसला, शेंडा कापून पुढे धरला. तिनं तो हातात घेतला. जिभेला लावला, आणि दुसऱ्याच क्षणी ती तोंड फिरवून ठसकू लागली. डोळ्यांतून, नाकातून घळघळा पाणी. "या अल्ला!" एवढंच ती म्हणाली आणि धुऱ्यावर बसून लहान पोरीसारखी हसू लागली. गुलाम रसूलही तिच्याजवळ बसला.

पण गुलनार बसून राहणाऱ्यांतली थोडीच! डोळे पुसले आणि उठली. प्रत्येक सरीतून एक कांदा उपटायचा, शेंडा चाखायचा, पुढे जायचं. "हे बरं... हे बरं..." वावराच्या शेवटाला ती थांबली. पुन्हा चाखला, थुंकला. "ह्या कडच्या सऱ्या नाई. फिक्या आहेत. याच्यातला एक कांदा बियाण्याले घ्याचा नाई."

कडूबाची माती त्या सऱ्यांना पुरली नव्हती. ते गुलाम रसूलशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, यास्मीनलाही नाही.

तिची जीभ शाबूत होती, हेच त्याला सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "काऊन नाई? कांदे पाह्य ना कसे टपोरे आहेत! मी पाणी भरून भरून..."

"टपोरे असतीन. बाद म्हणजे बाद."

"अवं पण..."

"तुमचं वावर आहे, जीभ माही आहे!"

आवाज चढले. टेकाडावरून कडूबा धावत खाली आला. "अरे काय झालं बे? भांडता काऊन?"

गुलाम रसूलनं वळून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "कडूबा, बस ना भाऊ इथं," तो म्हणाला. "बस. आज दिवसभर भांडाचं आहे आमाले."