चंद्रभान काकाजीचा ब्राउझर

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत चंद्रभान हेडाऊसारखा हेकट माणूस दुसरा नाही. हे मी पाठीमागून सांगून नाही राहिली. त्यायच्या तोंडावर सांगतलं आहे, अन् ते हसले. त्यायच्या अन् माह्या घराच्या मधात एकच भिंत, तीही पातळ. ते शिंकले तरी मले समजते. मी प्रेमिला. समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेते, म्हणून गल्लीत कोणाचा मोबाइल अटकला, कोणाचा प्रिंटर रुसला, का "प्रेमिले, पाह्य न वं जरा" म्हणत लोकं माह्याच दारात. फुकटची डॉक्टरीण करून ठेवली मले.

काकाजी मूळचे उमरेडचे, कोष्ट्याच्या घरचे. सारा जन्म हातमागावर गेला. बायको गोपिकाकाकू वारली तवा त्यायनं माग मोडला अन् पोरीनं घेऊन ठेवलेल्या इथल्या घरात राहाले आले. एक डोळा लहानपणी देवीत गेला होता. उरलेल्यात मोतीबिंदू उतरला, अन् पेपर वाचणं बंद झालं. पेपर नाही म्हणजे काकाजीले जेवणही गोड लागत नाही. पोरगी भूमिका, रायपूरले असते, तिनं कॉम्प्युटर पाठवला अन् मले फोन केला, "ताई, ब्राउझर आता पान वाचून दाखवते म्हणतात. बाबाले रोज वापराले एखादा चांगला लावून द्या न."

आता ब्राउझर म्हणजे इंटरनेटचं दार. दारं चार प्रकारची, आत घर तेच. मी एका दुपारी चारही लावून दिले अन् चारहीतून एकच बातमी वाचवून घेतली, कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आवक वाढली ती. कंपन्यायची नावं मी सांगत नाही, त्यायची जाहिरात कराले मी बसली नाही. काकाजीनं त्यायले आपलीच नावं ठेवली. पहिला पुरुषी आवाजाचा, ठासून बोलणारा. "हा शाळा तपासाले आला आहे, काढ याले." दुसरी बाई स्टेशनवरच्या घोषणेसारखी एकदम साफ बोले, पण बातमी कोणती अन् जाहिरात कोणती हे तिले समजे नाही. संत्र्याच्या भावात मधातच गुडघ्याचं तेल विकून मोकळी झाली. तिचं नाव पडलं स्टेशनवाली. तिसऱ्याची मी लई तारीफ केली. जुन्या मशीनवर हलका चालते, जाहिराती अडवते, अन् तुम्ही काय पाहता ते कोणाले सांगत फिरत नाही. काकाजी म्हणे, "मी काय पाहतो, प्रेमिले? मलेच दिसत नाही, त्याले काय दिसन?" वरून तो मराठी हिंदीच्या हेलात असा वाचे का जसा कालच छिंदवाड्याहून आला.

चौथा मी कधीतरी नेटवरून उतरवून ठेवलेला होता. फारसा कोणी वापरत नाही. त्यातली बाई साधी, ना तरणी ना म्हातारी, जराशी थकलेली. मी असती तर नसता घेतला. "कळमन्याच्या बाजारात आज संत्र्याची आवक" इथपर्यंत तिनं वाचलं अन् गप झाली. मी माउसले हात घातला. काकाजी म्हणे, "थांब. हात नको लावू."

मी थांबली. काकाजीचे दोन्ही हात मांडीवरून उठले. अंगठा अन् बोटं हवेत काहीतरी पकडून पिळू लागले, बारीक, पटापट. मग हात खाली आले. अन् बाई बोलली, "आवक. आवक वाढली असून..." अन् पुढचं वाचत गेली.

मी म्हटलं, नेट अटकलं असन. काकाजीच्या तोंडावरचा रंग मात्र उडाला होता. "हाच ठेव," म्हणे. बस, तेवढंच.

मग दोन-चार दिवसानं त्यायनं सांगतलं. उमरेडले काकाजी मागावर बसत, गोपिकाकाकू बाजूले चरख्यावर कांड्या भरे. कांडी म्हणजे सुताची बारकी नळी, ती मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवतात. कांड्या भरता भरता काकू मांडीवर पेपर ठेवून मोठ्यानं वाचे, कारण काकाजीचे हात अन् डोळा दोन्ही कापडात. विणता विणता धागा तुटला का माग थांबे. माग थांबला का काकू जिथं असन तिथंच वाचणं थांबवे, वाक्याच्या मधात. गाठ बसली, मागाचा खटका पडला, का शेवटचा शब्द परत म्हणून पुढं चाले. दुसऱ्या कोणाच्या घरी असं वाचत नसत. ही या दोघायचीच रीत.

मले हे ऐकून बरं वाटलं नाही, सरळ सांगते. माणूस एकटा पडला का त्याले काहीही ऐकू येते, असं मी स्वतःले समजावलं. पण मी कॉम्प्युटरवाली बाई, मले तपासल्याबिगर चैन पडत नाही. काकाजी आंघोळीले गेले असताना मी तोच ब्राउझर लावून तीच पानं वाचवून घेतली. एकदाही थांबली नाही ती बाई, सरळ वाचत गेली. नेटची तार काढून पाह्यली, तरी वाचत गेली. काकाजी टॉवेल खांद्यावर टाकून येऊन बसले अन् पुढच्याच ओळीत ती अटकली. त्यायचे हात उठले. मले काय सुचलं कोण जाणे, मी पुढं होऊन त्यायचे दोन्ही हात घट्ट धरले.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. ती बोले नाही. काकाजी नुसते माह्याकडं तोंड करून बसले. मी मनात म्हणून राहिली, आता बोलन, आता बोलन. शेवटी मी हात सोडले. काकाजीनं हवेत गाठ मारली, अन् तिनं शेवटचा शब्द परत म्हटला. मी चप्पल न घालता घरी आली.

पण खरी फिकीर पुढंच होती. धरमपेठच्या डॉक्टरनं काकाजीचा डोळा पाह्यला अन् म्हणे, मोतीबिंदू पिकून गेला आहे, आता लांबवलं तर आत दाब वाढून डोळा कायमचा जाईन. एकच डोळा, तोही गेला का संपलं. ऑपरेशन लगेच कराले सांगतलं. काकाजी म्हणे, "नाही करत."

"काहून नाही?"

"डोळा आला तर ती वाचन काहून? म्हणन, आता तुमचं तुम्ही वाचा."

मी भांडली, हो. भूमिकाले फोन लावून दिला, ती तिकडून रडली. शेजारची रुखमाबाई समजावून गेली. पालथ्या घड्यावर पाणी. ज्याचं करावं भलं तो म्हणते माह्यंच खरं. मी विचार केला का रोगाचं मूळच उपटलं पाहिजे. काकाजीच्या समोर बसून मी तो चौथा ब्राउझर मशीनमधून काढून टाकला, अन् तसं सांगतलंही. "तुमची स्टेशनवाली लावली आहे. ती बिमारीच्या बातम्या चांगल्या वाचते, ऐका अन् डोळा कापून घ्या." मले वाटलं चिडतील. ते म्हणे, "तुले वाटते का ती त्या डब्यात होती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी साऱ्या गल्लीची लाइन गेली. क्लासचे पोरं मी घरी पाठवून दिले अन् पदरानं वारा घेत बसली. पंखे बंद, टीव्ही बंद, रस्त्यावर ऊन. अन् भिंतीपलीकडून ती वाचून राहिली होती. तीच थकलेली, साधी. "उमरेड रोडवरच्या पुलाचं काम येत्या" अन् गप.

मी वाट पाह्यली. मले आता परतच्या शब्दाची सवय लागली होती, त्याबिगर श्वास खाली उतरे नाही. शब्द आला नाही. मी उठून काकाजीकडं गेली. दार उघडं. कॉम्प्युटर काळा, मी हात लावून पाह्यला, थंड. काकाजी खुर्चीत बसलेले, हात हवेत, बोटं चाचपडत होती. गालावरून पाणी वाहून राहिलं होतं.

"गाठ बसत नाही, वं," म्हणे. "कालपर्यंत धागा अंधुक दिसे. आज दिसतच नाही. ती थांबून आहे."

"कोण थांबून आहे, काकाजी? मशीन बंद आहे," मी म्हटलं. माह्या आवाजावर माह्याच विश्वास नव्हता.

"गेली तवाही असंच झालं," ते म्हणे. "धागा तुटला, ती थांबली. मी गाठ मारली, माग सुरू केला. ती बोललीच नाही. मले वाटलं रुसली असन, सकाळी बोलाचाली झाली होती. मी तसाच विणत राह्यलो, प्रेमिले. वळूनही पाह्यलं नाही. ती त्या कांड्यावर पडली होती अन् मी विणून राह्यलो."

मी खाली बसली त्यायच्या पायाशी. मले रडू आलं, अन् भीतीही वाटली, दोन्ही एकदम. ते चाचपडतच होते. मग त्यायनं हात खाली घेतले अन् म्हणे, "भूमिकाले फोन लाव. मले डोळा पाहिजे. तिले असं मधात टांगून ठेवता येत नाही."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. भूमिका आली, बरेच दिवस राह्यली. पट्टी निघाली तवा काकाजीले भिंतीचा रंग दिसला, पोरीचे पिकले केस दिसले. डॉक्टर म्हणे वेळेवर आले, अजून थांबले असते तर हाती काही लागलं नसतं. तेवढ्या दिवसात मी भिंतीपलीकडून एक शब्द ऐकला नाही, अन् खोटं कायले बोलू, रोज कान देऊन बसे.

घरी आल्यावर काकाजीनं आम्हा दोघींले बाहेर ओसरीत बसवलं अन् एकटे आत गेले. दार लावलं नाही. मी पाह्यलं, ते खुर्चीत बसले, समोर धागा असावा असे नजर लावून बसले, अन् सावकाश, एकदाच, गाठ मारली. मग आतून आवाज आला, "येत्या. येत्या पावसाळ्याआधी पूर्ण होईल." भूमिका माह्या बाजूले बसून फोनवर नवऱ्याशी बोलत होती, तिनं मान वर केली नाही. मीच ऐकलं असन. त्यानंतर त्या बाईनं परत कधी वाचलं नाही.

मग ब्राउझरचा सवाल परत आला. मी म्हटलं, "तो चौथा परत लावून देऊ का?" ते म्हणे, "कोणताही लाव. अक्षर मोठं दिसन तो लाव." म्हणून तिसरा लावला, छिंदवाड्याचा, त्याचा आवाज बंद करून. जाहिराती येत नाहीत, अक्षर बोटभर मोठं करता येते. रोजच्या वापराले तोच सगळ्यात चांगला, हे माह्यं मत आधीपासूनच होतं, पण माह्यं ऐकते कोण.

आता दुपारी भिंतीपलीकडून काकाजीच मोठ्यानं वाचतात, जोडाक्षराले अडखळतात, परत धरतात. मी क्लास घेता घेता ऐकते. परवा वाचता वाचता वाक्याच्या मधातच गप झाले. हातातलं टाकून मी धावत गेली. काकाजी धडधाकट बसले होते, चष्मा लावून, नजर पडद्यावर नाही, बाजूच्या रिकाम्या जागेवर.

"काकाजी, काहून थांबले?"

त्यायनं मले हातानंच थांबवलं. "जरासं थांब, वं," म्हणे. "आता ती विणते. तिचा धागा तुटला आहे, बांधू दे."