भिकाजी तोंडवळकरांचं दुसरं बारसं

भिकाजी तोंडवळकरांचा आपल्या नावावर कळायला लागल्यापासून राग होता. आडनावावरही होताच, पण जरा कमी. आडनाव तोंडवलीचं, आणि तोंडवलीत ह्या माणसाने एक रात्र काढलेली नाही. कोणी पणजोबा होडीत बसून तारकर्लीला आले, ते गावाचं नाव तेवढं बरोबर घेऊन आले. तोंडवलीत चौकशी केलीत तर लोक सांगतील, "तोंडवळकर? ते तारकर्लीचे." थोडक्यात, आडनाव दुसऱ्या गावाचं, नाव भिकेचं, स्वतःच्या अशा फक्त मिशा.

मुंबईला गोदीत नोकरीला असताना ते सगळ्यांना 'बी. टी.' असं सांगत. बी म्हणजे काय, असं कोणी विचारलंच तर कधी बळवंत, कधी बाळकृष्ण. निवृत्तीच्या दिवशी हार बळवंतरावांना घातला गेला आणि भाषणं बाळकृष्णांवर झाली.

आता तारकर्लीत मुलगा सुशांतने माडांच्या बागेत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. बोर्डावर वडलांचं नाव घालायचं, असं त्याच्या फार मनात होतं. 'भिकाजी होम स्टे.'

"लोकांका वाटतला, हय अन्नछत्र आसा!" भिकाजी कडाडले. "वीरेंद्र घाल."

"बाबानू, वीरेंद्र कोण?"

"मी!"

सुभद्राकाकू सोलं भिजत घालत होत्या. लग्न झाल्यापासून 'अवो'च्या पलीकडे त्यांनी नवऱ्याला हाक मारलेली नाही. "नाव बदला नायतर ठेवा, माका काय?" त्या आतूनच म्हणाल्या. "मी खंय कदी घेतलंय! पण जहिराबीक इचारलात काय? मालकीण ती तुमची."

मालकीण ही गोष्ट खरी होती. त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. तिसऱ्या वेळी आईने जुनी रीत केली. बाळ सुपात घालून शेजारच्या मुकादमांच्या घरी देऊन टाकलं, आणि मग तेच बाळ त्यांच्याकडून भीक म्हणून मागून आणलं. भिकेत आलेली वस्तू यम कशाला उचलील, असा विचार. म्हणून भिकाजी. ज्या आजीने भीक घातली तिची नात जहिराबी. तेव्हा ती परकरात होती, आता घरातली सगळ्यांत मोठी. भिकाजींच्या लग्नात वरमाईच्या शेजारी तिची खुर्ची होती, आणि ईदेचा शिरखुर्मा पाठवताना दरवर्षी विचारणा असते, "आमचो माल बरो आसा मा?"

बोर्ड रंगवणारा सत्यवान संध्याकाळी येणार होता. भिकाजी टोपी चढवून तडक शेजारी गेले.

जहिराबी पडवीत सुकट निवडत बसली होती. "भिक्या, इलंस रे?"

"माका नाव बदलूचा आसा. वीरेंद्र."

"बदल की. पण मगे भिकाजी आमका परत कर, तो आमच्या घरचो. उद्यापासून हयच झोपाक ये. सुकट निवडूक माणूस व्हयोच होतो."

भिकाजी हसले नाहीत. "थट्टा नको, जहिराबी. जन्मभर लोक हसले माका. आवशीक दुसरा नाव सुचला नाय?"

जहिराबीचा हात सुकटीतच थांबला.

"तुझी आवस होडीवरच्या तांडेलाची लेक. घरात मीठ संपला तर आळणी जेवायची, पण कोणाकडे मागूची नाय. ती आमच्या मागच्या दारात पदर पसरून उभी. तोंडातसून शब्द फुटना. आजी म्हणाली, 'मागल्याशिवाय भीक नाय गो बाय.' तेव्हा म्हणाली, 'भीक वाढा.' आणि मगे रोज तोच शब्द तोंडात. तुका जेवूक हाक मारी ती दर्यापर्यंत जाय. भिकाजीऽऽ! इतक्या जोरात कित्याक? तू काय बहिरो नाय होतंस. यमाक ऐकू जावचा म्हणान."

ती हाक भिकाजींना चांगलीच आठवत होती. मित्रांसमोर तिची लाज वाटायची; ते स्वतः मुद्दाम तिकडे पाठ फिरवून खेळत राहायचे. आई गेल्यावर नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते समोर सुकट निवडत होतं. त्यांना रडू आलं. मिशांमुळे फारसं दिसलं नाही, इतकंच. मग काय करावं ते न सुचून त्यांनी सूप पुढे ओढलं आणि मुकाट्याने सुकट निवडायला घेतली.

"हां, आता कसो कामाचो," जहिराबी म्हणाली.

घरी परतले तेव्हा सत्यवान ब्रश घेऊन उभा होता. सुशांतने हार मानलेली दिसत होती, कारण फळीवर खडूने 'वीरेंद्र' आखून झालं होतं.

"पूस ता," भिकाजी म्हणाले. "भिकाजी लिही."

सत्यवानाने निमूटपणे फडका मारला. "अक्षर केवढा काढू, काकानू?"

"मोठा." भिकाजींनी आभाळाकडे बोट दाखवलं. "वयरसून वाचूक येवक व्हया."

"वयरसून कोण वाचतलो?"

भिकाजींनी मिशीवरून हात फिरवला. "आसा एक. माझ्या आवशीच्या वळखीचो."